जॅकेट कानापर्यंत वर येतंय? बायकांनी बीसीडीचं माप घेताना या चुका टाळा

पहिल्या कोर्सच्या तिसऱ्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की स्कूबा डाइव्हिंग आपल्याला जमायचं नाही. पाण्यावर तरंगताना बीसीडीत, म्हणजे टँक पाठीवर धरणाऱ्या आणि हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटमध्ये, हवा भरली, की ते वर सरकून कानांना टेकायचं. हवा भरायची इन्फ्लेटरची नळी हनुवटीला घासायची. मी आत लोंबकळत नाकातोंडात पाणी घ्यायचे. माझी उंची 5 फूट 1 इंच आणि जॅकेट एम मापाचं, बायका-पुरुष सगळ्यांना चालेल असं. 'पट्टे घट्ट कर' एवढाच सल्ला मिळे. मग मी खांद्याचे पट्टे जीव खाऊन ओढायचे, आणि जॅकेट आणखी वर यायचं.

पुढे एका इन्स्ट्रक्टर ताईने बोटीवरच माझ्या मागे उभं राहून पाठीवरच्या हवेच्या टँकचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर उचलला. मी होते तिथेच, जॅकेट मात्र खांद्यांपासून चांगलं चार बोटं वर. ''बघ, पाण्यात हेच होतंय,'' ती म्हणाली. तुम्हीही एवढी एक चाचणी करून बघाच. एक-दोन बोटं हललं तर चालतं. चार बोटं उचललं गेलं, तर माप चुकलंय किंवा पट्टे चुकलेत.

गोम इथेच आहे. आपण बीसीडी घालून बघतो ती ट्रेकची सॅक बघावी तशी: खांद्यावर बसली का, पाठीला लागते का, जड वाटते का. सॅकचं ओझं खाली येतं. पाण्यात हवेने फुगलेलं जॅकेट वर जायला बघतं आणि बुडता यावं म्हणून कंबरेला लावलेलं शिसं आपल्याला खाली ओढतं. त्यामुळे जॅकेटला जागेवर धरून ठेवायचं काम खांद्यांचं नाहीच, ते कंबरेचं आहे. दुकानात आरशासमोर फिट दिसलेलं जॅकेट पाण्यात उतरल्यावर दगा देतं, ते यामुळे.

माप टी-शर्टचं, जॅकेट बीसीडीचं

आपण 'मला एम लागतो' म्हणून मोकळ्या होतो. छातीचा घेर बघायला हवाच, पण खरा घोळ धडाच्या लांबीत असतो. मान पुढे वाकवल्यावर मागे जे हाड टोचतं, तिथपासून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. हे अंतर कमी असेल तर मोठ्या जॅकेटचा पट्टा कंबरेवर न येता नितंबांवर येतो, तिथे धड आवळत नाही आणि सगळं वर घसरतं. पोटावरच्या त्या रुंद वेल्क्रो पट्ट्याला इंग्रजीत 'कमरबंड' हा जो शब्द आहे, तो आपल्या कमरबंदावरूनच गेलेला आहे. तेव्हा तो बांधायचाही कमरबंदासारखाच: बरगड्यांच्या खाली, नितंबांच्या वर.

छोटं माप घेतलं तर तरंगायला जॅकेटमधली हवा पुरणार नाही, ही भीती अनेकींना असते. लहान मापाच्या जॅकेटचीही उचल साधारण 10 ते 15 किलोंची असते. आपल्याकडच्या उबदार पाण्यात, पातळ वेटसूटवर (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखावर), ती भरपूर झाली.

कुर्त्यावर ट्रायल घेणं

ज्या वेटसूटमध्ये डाइव्ह करणार, तोच घालून जॅकेट चढवा. मग हवा पूर्ण भरा, जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह फुस्स करेपर्यंत. आता खोल श्वास घ्या. फासळ्या आवळल्या जात असतील, तर ते जॅकेट कितीही सुंदर असलं तरी परत ठेवा. मग सगळी हवा सोडा आणि ते सैल लोंबतंय का बघा. दोन्ही स्थितींत बसलं पाहिजे. आणखी एक, खाली गेल्यावर दाबाने वेटसूट चेपतो आणि वर नीट वाटणारा कमरेचा पट्टा ढिला पडतो. 10 मीटरच्या आसपास पोचलात की तो एकदा पुन्हा ओढून घ्यायची सवय लावा. मी अजूनही विसरते, मग टँक पाठीवर डुलायला लागला की आठवतं.

आधी खांदे, मग कंबर

हा क्रम उलटा करा. खांद्याचे पट्टे पूर्ण ढिले सोडून जॅकेट घाला, थोडं पुढे वाका म्हणजे टँक पाठीवर नीट टेकेल, मग कमरेचा पट्टा घट्ट बांधा, त्यावरचं बकल लावा. आता कुठे खांद्याचे पट्टे, तेही फक्त मोकळी जागा जाईपर्यंत. छातीवरचा आडवा पट्टा सगळ्यात शेवटी.

या आडव्या पट्ट्याबद्दल बायका बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. तो स्तनांवरून जात असेल तर दुखतो, श्वास अडखळतो, आणि आपण लाजेने गप्प बसतो. बऱ्याच जॅकेटांत तो वर-खाली सरकतो, सरकवून घ्या. खास बायकांच्या जॅकेटांत खांद्याचे पट्टे छातीला वळसा घालून बाहेरून खाली येतात, पाठ आखूड असते. दुकानात फक्त जांभळ्या-गुलाबी किनारीवर जाऊ नका. हा वळसा आणि ही आखूड पाठ खरंच आहे का, ते बघा.

मान अवघडते, डोकं आपटतं

इथे बहुतेक वेळा जॅकेट निर्दोष असतं आणि टँक फार वर बांधलेला असतो. नेहमीचा ॲल्युमिनियमचा 80 क्युबिक फुटांचा टँक व्हॉल्व्ह सोडून जवळपास 66 सेंटिमीटर लांब असतो. बुटक्या बाईच्या पाठीवर वर सरकवला तर डोक्याला लागतो, खाली घेतला तर बसताना टेकतो. वर मान करून समोर बघता आलं पाहिजे एवढा खाली घ्या. मिळाला तर आखूड टँक मागा. टँकचा पट्टा आधी भिजवा आणि मग आवळा. नायलॉन ओला झाला की ताणतो, कोरडाच बांधला तर पाण्यात टँक घसरतो.

शिशाचा दोष जॅकेटवर

पाण्यावर तोंड पुढे ढकललं जातंय? बहुधा सगळं शिसं पुढच्या खिशांत आहे किंवा हवा गरजेपेक्षा जास्त भरली आहे. थोडी हवा सोडा आणि किलोभर शिसं टँकच्या पट्ट्यावरच्या खिशात मागे न्या. त्याच जागेचा दुसरा फायदा डाइव्हच्या शेवटी कळतो. ॲल्युमिनियमचा टँक भरलेला असताना साधारण पाऊण किलो खाली ओढतो, हवा संपत आली की दीड-पावणेदोन किलो वर उचलायला लागतो. वर येताना काही मिनिटं थांबतो त्या सेफ्टी स्टॉपला कंबर वर आणि डोकं खाली होतं, ते म्हणून. शिशाचा वेगळा पट्टा वापरत असाल तर तो कमरबंदाखाली दडपू नका, अडचणीत एका हाताने सुटला पाहिजे.

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा उतरणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. तिथे पूर्ण वेळ इन्स्ट्रक्टर मागून टँक धरून असतो, त्यामुळे ढिलं जॅकेट जाणवतच नाही. तेच जॅकेट घालून पुढे एकटीने पोहायची वेळ आली की गडबडायला होतं. भाड्याच्या ढिगात एक्सएस किंवा एस असतं, बहुधा तळाशी. पाण्यात शिरायच्या आधी, किनाऱ्यावरच मागा. नसेलच, तर मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का विचारा. नऊवारीच्या काष्ट्यासारखा तो जॅकेटला खालून धरून ठेवतो आणि सैल जॅकेटही बरंचसं जागेवर राहतं.

एवढं करूनही जमत नसेल, तर पाठीवर धातूची पट्टी, मागे हवेची पिशवी आणि एकसलग नायलॉनचा हार्नेस, अशी रचना वापरून बघा. त्यात एस-एम नसतं, पट्टा तुमच्या अंगावर ओवला जातो. छातीपुढे काहीच फुगत नाही, हे मला फार आवडलं. पाण्यावर तरंगताना मात्र ती पुढे झुकवते, थोडं मागे रेलायला शिकावं लागतं. आणि ओवून उरलेली पट्ट्यांची टोकं लगेच कापू नका. चार-पाच डाइव्ह होऊ द्या, जाड-पातळ दोन्ही वेटसूटवर घालून बघा, मगच कात्री लावा.