चिनी भांड्याचा शिक्का: सहापैकी दोनच अक्षरं बघा

चिनी शाही भांड्याच्या तळावरचा सहा अक्षरी शिक्का वाचता येत नाही, म्हणून आपण कॅटलॉगातला तो फोटो सरळ ओलांडून जातो. खरं तर कोणाच्या कारकिर्दीचा शिक्का आहे, एवढं चिनी न शिकताही कळतं.

१. वाचन उजवीकडून सुरू करायचं, प्रत्येक उभी ओळ वरून खाली.

२. तीन-तीन अक्षरांच्या दोन ओळी असतील तर उजव्या ओळीतलं सर्वात खालचं आणि डाव्या ओळीतलं सर्वात वरचं अक्षर, हेच कारकिर्दीचं नाव. दोन-दोनच्या तीन ओळी असतील तर मधली ओळ. चारच अक्षरं असतील तर घराण्याचं नाव गाळलेलं असतं; मग उजवी ओळ बघा.

३. सहा अक्षरांत दुसरं अक्षर घराण्याचं. त्याच्या डाव्या कडेला तीन थेंबांसारखे फटकारे दिसले तर चिंग, छोटी चौकट दिसली तर मिंग. (चौकोनी वळणाच्या मुद्रालिपीत ही खूण चालत नाही.)

४. ती दोन अक्षरं तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच्या तळाच्या फोटोंशी ताडून बघा. कांगशी, योंगजेंग, चियानलोंग ही तीन चिंग सम्राटांची नावं डोळ्यांत बसली की बरंच काम झालं.

मात्र शिक्क्यावरून वय ठरवून पैसे मोजू नका. कांगशीचा काळ १६६२ ते १७२२, पण त्याच्या नावाचे शिक्के ग्वांगशू सम्राटाच्या काळातल्या (१८७५–१९०८) भांड्यांवरही सर्रास आहेत, आणि ते दरवेळी फसवायलाच मारलेले नसत. जुन्या कारागिरीला मान देण्याची तिथे रीतच होती.