आधी संवाद, मग स्फोट: घरातल्या थिएटरसाठी स्पीकर आणि प्रोजेक्टर निवडताना

मी ध्वनिमिश्रणात संवादांचं काम करते. वाक्याच्या शेवटचा 'त' ऐकू येतो की गिळला जातो, यावर आम्ही स्टुडिओत बराच वेळ खर्च करतो. त्यामुळे कुणाचं होम थिएटर बघायला गेले की माझी कसोटी ठरलेली असते: कुजबुज. स्फोट आणि हेलिकॉप्टर कुठलाही संच दणक्यात ऐकवतो. दबक्या आवाजातलं वाक्य रिमोटला हात न लावता, सबटायटल न वाचता कळलं, तर ती खोली जमली म्हणायची. चित्रासाठी अशीच कसोटी रात्रीच्या दृश्याची. काळोखात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखता आला पाहिजे. पुढे जे सांगते आहे ते या दोन कसोट्यांवर बेतलेलं आहे.

खरेदीला निघण्याआधी मेजर टेप घ्या. खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजा, दार-खिडक्या कागदावर काढा आणि बसणाऱ्याचं डोकं नेमकं कुठे येणार तिथे खूण करा. सगळी मोजमापं या खुणेपासून सुरू होतात. सोफा मागच्या भिंतीला टेकवू नका. भिंतीजवळ खर्ज फुगतो, मागून परतणारा आवाज संवादावर सांडतो आणि सराउंड (बाजूने-मागून वाजणाऱ्या) स्पीकरना कानामागे जागाच उरत नाही. एक मीटर जरी पुढे सरकता आलं तरी फरक लगेच कळतो.

खोलीच्या ठरावीक मापांमुळे ठरावीक स्वर घुमतात. हिशेब सोपा आहे: ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं. ५ मीटर लांब खोलीत उत्तर येतं ३४ हर्ट्झ. तो स्वर भिंतींपाशी जोरात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ गायब असतो. म्हणून बसायची जागा भिंतीलगतही नको आणि मध्यावरही नको. खोली निवडायची मुभा असेल तर लांबी-रुंदी सारखी असलेली खोली टाळा, कारण तिथे दोन्ही दिशांचे घुमारे एकाच स्वरावर येऊन बसतात.

सेंटर स्पीकर आधी

चित्रपटातले बहुतेक सगळे संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमधून येतात. तरीही लोक समोरच्या दोन उंच टॉवरवर बहुतेक पैसे घालवतात आणि उरलेल्यात बसेल तो सेंटर घेतात. माझा आग्रह उलट आहे. सेंटर ठरवा, मग त्याच मालिकेतले डावे-उजवे घ्या. तिन्हींचा स्वभाव एक हवा, नाहीतर पात्र चालत डावीकडे गेलं की त्याचा आवाज बदलतो.

सेंटरच्या आडव्या पेटीत एक फसवी रचना फार आढळते: दोन टोकांना दोन वूफर (खालचे स्वर वाजवणारे) आणि मधे फक्त ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा). बरोबर समोर बसणाऱ्याला ती छान वाटते. बाजूला बसलेल्याच्या कानाशी मात्र दोन्ही वूफरचा आवाज थोड्या वेगळ्या वेळी पोचतो आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. नेमके तेच स्वर माणसाच्या आवाजाला भरीव करणारे असतात. यावर तीन उपाय आहेत. मधोमध ट्वीटर आणि त्याच्याखाली मधल्या स्वरांसाठी वेगळा मिडरेंज असलेला, म्हणजे थ्री-वे, सेंटर घ्या. किंवा डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ (फळीवर मावणारा छोटा) स्पीकर मधे उभा ठेवा. सगळ्यात चांगलं म्हणजे आवाज आरपार जाऊ देणारा विणलेला किंवा बारीक छिद्रांचा पडदा लावून तिन्ही एकसारखे स्पीकर त्याच्या मागे कानाच्या उंचीवर ठेवायचे. चित्रपटगृहात हेच करतात, म्हणूनच तिथे आवाज ओठांतून आल्यासारखा वाटतो. अशा पडद्यावर थोडा प्रकाश वाया जातो, पण मी तो तोटा आनंदाने सोसेन.

सेंटर कपाटात ठेवणं भाग असेल तर तो फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड कानाकडे वळेल असा तिरपा करा. आत ढकललेला सेंटर पेटीत बोलल्यासारखा घुमतो.

स्पीकर ऐकायला जाताना स्वतःच्या ओळखीचा आवाज बरोबर न्या. बातम्या वाचणारी बाई, गोष्ट सांगणारा पुरुष, असं काहीही साधं. संगीत नको, कारण संगीत दोष झाकतं. आधी समोर बसून ऐका, मग दोन खुर्च्या बाजूला सरका. 'स', 'श', 'च', 'ट' टोचत असतील तर तो स्पीकर दोन तासांच्या सिनेमात थकवेल. बोथट होत असतील तर कुजबुज हरवेल. आवाजाची पातळी हळू ठेवून ऐका. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर बरे वाटतात.

कागदावरच्या आकड्यांपैकी मी सेन्सिटिव्हिटी आधी बघते. एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल, असा तो आकडा असतो. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात, १० डेसिबलला दहापट. म्हणजे ८५ डेसिबलच्या स्पीकरला जिथे १०० वॉट लागतील, तिथे ९० डेसिबलच्या स्पीकरचं काम साधारण ३२ वॉटमध्ये होतं. ८८ डेसिबलचा स्पीकर ३ मीटरवरून ऐकताना १०० वॉटवर तुमच्यापर्यंत ९८ च्या आसपास पोचतात, भिंतींची मदत वेगळी. थिएटरच्या मानकात एका चॅनेलची कमाल पातळी १०५ धरतात, पण घरी बहुतेक जण त्याहून १०-१५ डेसिबल खालीच ऐकतात. त्यामुळे मध्यम खोलीत चांगला रिसिव्हर (प्लेअर वगैरे जोडून सगळे स्पीकर चालवणारा डबा) पुरतो, वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही. स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे जास्त वीज खेचणारा, असेल तर मात्र रिसिव्हरला तो झेपतो का, हे आधी विचारा. आणि रिसिव्हरवर लिहिलेले वॉट एक-दोन चॅनेल चालू असतानाचे की सगळे एकदम चालू असतानाचे, हेही बघा.

सराउंडबद्दल थोडक्यात. डावा-उजवा स्पीकर तुमच्या नजरेच्या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर, सराउंड ११० अंशांच्या आसपास, कानापेक्षा जरा वर. डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे वरूनही आवाज देणारं तंत्र, २०१२ मध्ये आलं आणि छतातल्या स्पीकरचं वेड लागलं. पाऊस खरंच डोक्यावर पडतो, मला ते फार आवडतं. पण सामान्य प्रतीच्या अकरा स्पीकरपेक्षा उत्तम सहा बरे. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, नीट बसवा, छतातून वायर आत्ताच ओढून ठेवा, वरचे स्पीकर पुढे कधीतरी घ्या. आवाज छतावर आपटून खाली आणणारे स्पीकर घेणार असाल तर छत सपाट आणि कडक हवं. उतरत्या किंवा आवाज शोषणाऱ्या छताखाली ते निरुपयोगी ठरतात.

खर्ज आणि भिंती

रिसिव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफरमधली वाटणीची रेषा, ८० हर्ट्झला ठेवा. त्याखालचं काम सबवूफरचं. या स्वरांची दिशा कानाला फारशी कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही चालतो असं म्हणतात. पण तो सगळीकडे सारखा ऐकू येत नाही. जागा शोधायची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जातली एखादी चाल सतत वाजवा आणि भिंतींच्या कडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक स्वर सारखा आणि नेटका ऐकू येईल ती सबवूफरची जागा. पैसे असतील तर एका अजस्र सबवूफरऐवजी दोन मध्यम घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. घुमारे बरेचसे एकमेकांना आवरतात आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना जवळपास सारखा खर्ज मिळतो. संवाद घोगरे वाटतात तेव्हा पुष्कळदा दोष सेंटरचा नसतो. खर्ज रेंगाळून संवादावर चढलेला असतो.

रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा. मागे झणझणाट उमटला तर महागडे स्पीकरही तिथे वाया जातील. जमिनीवर जाड गालिचा अंथरा. मग तुम्ही बसा आणि दुसऱ्या कुणाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल त्या जागी ५ ते १० सेंटीमीटर जाडीचा, कापडात गुंडाळलेल्या रॉकवूलचा पॅनेल लावा. अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा पातळ फोम फक्त वरचे स्वर खातो, मग खोली मंद आणि गढूळ वाटते. पुस्तकांनी भरलेलं कपाट मागच्या भिंतीला असेल तर ते तिथेच राहू द्या.

प्रोजेक्टर: लुमेनच्या आधी काळोख

प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे फक्त न पडलेला प्रकाश. पांढरं छत आणि फिक्या भिंती पडद्याचाच उजेड परत पडद्यावर फेकतात, आणि रात्रीचं दृश्य राखाडी होऊन जातं. म्हणून पडद्याच्या जवळचं छत आणि बाजूच्या भिंती गडद, चमक नसलेल्या रंगाने रंगवा, निदान पहिले दोन मीटर. खिडक्यांना प्रकाश अडवणारं जाड कापड लावा. या कामाने चित्रात पडणारा फरक प्रोजेक्टर बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

पडद्याचं माप डोक्याच्या त्या खुणेवरून काढा. १६:९ आकाराचा १०० इंची पडदा साधारण २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ उंच असतो. थिएटरसारखं ४० अंश भरून दिसायला रुंदीच्या १.३७ पट अंतर लागतं, म्हणजे ३ मीटर. ३० अंशांचं निवांत चित्र आवडत असेल तर ४.१ मीटर. १२० इंचाला ४० अंशांसाठी ३.६ मीटर धरा. जुन्या बिछान्याची चादर भिंतीवर त्या मापात टांगून समोर बसून बघा, मान फिरवावी लागते का ते लगेच कळेल.

आता लुमेन, म्हणजे प्रोजेक्टर फेकतो त्या प्रकाशाचं माप. चित्रपटगृहाच्या डिजिटल मानकात पांढऱ्याची उजळता ४८ निट (पडद्यावर दिसणाऱ्या उजळतेचं एकक) धरली आहे. साध्या, गेन १ असलेल्या (प्रकाश एकाच दिशेला जास्त न परतवणाऱ्या) १०० इंची पडद्यावर त्यासाठी जेमतेम ४१५ लुमेन लागतात, १२० इंचीला ६००. आता खोक्यावरच्या ३००० लुमेनकडे बघा. तो आकडा बहुधा हिरवट, सगळ्यात भडक मोडचा असतो. रंग बरोबर दाखवणाऱ्या सिनेमा मोडमध्ये तो पुष्कळदा निम्म्यावर येतो. तरीही पूर्ण काळोख्या खोलीत १५०० ते २००० लुमेन भरपूर झाले. उजेडाच्या खोलीत बघायचं असेल तर हिशेब वेगळा: तिथे भिंतीलगत ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर आणि वरचा उजेड नाकारणारा खास पडदा, अशी जोडी घ्या.

काळोख्या खोलीत पैसे काँट्रास्टवर, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातल्या फरकावर, घाला. 'डायनॅमिक' काँट्रास्टच्या लाखांच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा, 'नेटिव्ह', म्हणजे दिवा मंद-तेज न करता मिळणारा, किती ते विचारा. एका चिपच्या डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र बनवणाऱ्या) प्रोजेक्टरचं चित्र धारदार असतं, पण तो आकडा साधारण हजार-दोन हजारास एक एवढाच असतो. शिवाय रंगचक्र (रंग एकामागोमाग दाखवणारी फिरती चकती) असलेल्या मॉडेलवर काहींना नजर हलवताना इंद्रधनुषी चमक दिसते. घरातल्या प्रत्येकाला दाखवूनच घ्या. थ्री-एलसीडीत (लाल, हिरव्या, निळ्यासाठी वेगवेगळं एलसीडी पॅनेल) ती चमक नसते आणि रंग पांढऱ्याइतकेच उजळ मिळतात. एलकॉस हा तिसरा प्रकार, म्हणजे जेव्हीसीचं डी-आयएलए आणि सोनीचं एसएक्सआरडी, काळ्यात या दोघांच्या पुष्कळ पुढे आहे, किमतीतही. रात्रीच्या दृश्यावर माझ्यासारखाच तुमचा जीव असेल तर ४के पिक्सेल खरे की कमी पिक्सेल झरझर सरकवून भासवलेले, या वादापेक्षा काळा रंग बघा. सोफ्यावरून तो फरक आधी दिसतो. एचडीआर (उजळ-गडदाचा पल्ला मोठा असलेले) सिनेमे पुष्कळदा १००० निटसाठी बनवलेले असतात आणि प्रोजेक्टर त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही मुश्किलीने पोचतो, म्हणून दर दृश्यागणिक टोन मॅपिंग करणारं, म्हणजे ती उजळता आपल्या आवाक्यात बसवणारं, मॉडेल असेल तर उत्तम.

जागेचा हिशेब थ्रो रेशोने होतो: अंतर भागिले पडद्याची रुंदी. रेशो १.२ असेल तर १०० इंचासाठी लेन्स २.६५ मीटरवर हवी. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवण्याची सोय) असलेला घ्या. कीस्टोन ही सोय तिरपं पडलेलं चित्र सरळ करते खरी, पण पिक्सेल खर्चून. पंख्याचा आवाजही ऐका, डोक्यावर घरघरणारा प्रोजेक्टर कुजबुज खातो. लॅम्प काही हजार तासांनी बदलावा लागतो, लेझरचा उजेड साधारण २०,००० तासांत निम्म्यावर येतो. १० मीटरच्या पुढे एचडीएमआय ओढायची असेल तर ऑप्टिकल केबल घ्या, आणि ती बदलता येईल अशा जाड पाइपमधूनच टाका.

सगळं लागल्यावर रिसिव्हरचा मायक्रोफोन स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवून खोलीचं मोजमाप करा. हातात धरू नका. नंतर सेंटर एक-दीड डेसिबल वाढवायला हरकत नाही. शेवटी ओठ आणि आवाज जुळवा. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करताना वेळ घेतो, म्हणून आवाज पुढे पळतो. सेकंदाला २४ फ्रेमच्या सिनेमात एक फ्रेम म्हणजे जवळपास ४२ मिलिसेकंद, आणि एवढाही फरक मला खुपतो. कॅमेऱ्यासमोर कुणी टाळी वाजवतं आहे असा तुकडा लावा आणि रिसिव्हरमधला ऑडिओ डिले १० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवत न्या. हे प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल अशा प्रत्येक इनपुटसाठी वेगळं करावं लागतं, कारण प्रत्येकाचा उशीर वेगळा असतो.