एक ठिपका, नऊ गुंठे

जिऑलॉजीच्या एम.एस्सी.ला प्रोजेक्टसाठी मी सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे डोंगरावरची सपाट कातळी पठारं, घेतले होते. शोधायचं होतं बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज. ते जांभ्याच्या थरातच असतं, त्यामुळे वरवर सगळं सारखंच तांबडं.

लॅण्डसॅट ८ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यात प्रकाशाच्या प्रत्येक पट्ट्याची, म्हणजे बँडची, वेगळी नोंद असते. बँड ४ ला (लाल) बँड २ ने (निळा) भागलं की लोह असलेली जमीन उजळते. कोकणात त्याचा फारसा उपयोग नाही, कारण सगळाच जांभा उजळतो. बँड ६ ला ७ ने (दोन्ही अवरक्त) भागलं की चिकणमाती आणि बॉक्साइटमधलं गिब्साइट हे खनिज दिसू शकतं. माझी भिस्त त्यावर. मार्चच्या चित्रात एका सड्याची कड लख्ख दिसली. दोन तास चढून पोचलो, तर समोर गुडघाभर वाळलेलं गवत! वाळक्या गवतातलं सेल्युलोजही बँड ७ च्याच पट्ट्यात प्रकाश शोषतं, हे मला तिथे उभं राहून कळलं. शिवाय लॅण्डसॅटचा एक पिक्सेल ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. त्यात गवत, कातळ, काजूची दोन झाडं, सगळ्यांचा मिळून एकच आकडा येतो.

तेव्हापासून मी आधी चिरेखाणी शोधतो. चिरे काढून उभी कापलेली भिंत म्हणजे आयता छेद. कडक जांभा कुठे संपतो, खाली पांढुरकी चिकणमाती कुठे लागते, ते तिथे बोट ठेवून दाखवता येतं. बॉक्साइटचा तुकडा बहुतेकदा फिकट, हरभऱ्याएवढ्या गोळ्यांचा आणि लोहयुक्त जांभ्यापेक्षा हाताला हलका लागतो. पण अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) किती, ते प्रयोगशाळेतच ठरतं. नमुन्याचा नंबर पिशवीवर लिहाच, आत चिठ्ठीही टाका. घामाने आणि धुळीने वरची शाई पुसते.

आणि गावात आधी सांगून जा. हातोडा दिसला की लोकांना खाणीची धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. एका आजोबांनी विचारलं, "झिला, हय खाण येतली काय?" मी नकाशा उघडून दाखवला, मी विद्यार्थी आहे आणि अहवाल कॉलेजात जाणार हे सांगितलं. मग त्यांनीच मला विहीर खणताना निघालेल्या मातीचा ढीग दाखवला. माझा सगळ्यात चांगला नमुना तिथलाच.