दिवंगत पाळकांची स्मरण-उपासना आणि स्मरणिका कशी करावी

पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, देवाघरी गेले की घरच्यांच्या लक्षात येते की आपले वडील जितके आपले होते, तितकेच त्यांनी सांभाळलेल्या प्रत्येक मंडळीचेही, म्हणजे चर्चच्या सभासदांचेही, होते. म्हणून उपकारस्तुतीची, म्हणजे या स्मरण-उपासनेची, तारीख घरात परस्पर ठरवू नये. सध्याच्या पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या कमिटीला आधी भेटावे, आणि ज्या गावांत वडिलांनी सेवा केली तिथल्या लोकांना किमान तीन आठवडे आधी कळवावे, कारण खेड्यातून येणाऱ्यांना परतीच्या एसटीचाही विचार करावा लागतो.

पहिले काम म्हणजे सेवाकाळाचा तक्ता. कोणत्या वर्षी कोणती मंडळी, एवढेच त्यात हवे. पण हे काम स्मरणशक्तीवर सोडू नये. आम्ही माझ्या वडिलांच्या स्मरणिकेत दीक्षाविधीचे (पाळकपद मिळाल्याचे) वर्ष सर्वांना आठवत होते तेच छापले. नंतर ट्रंकेत, झग्याच्या घडीखाली, दीक्षेचे प्रमाणपत्र सापडले. आम्ही धरलेले वर्ष सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षण विद्यालयातून, बाहेर पडल्याचे होते. 300 प्रतींवर दुरुस्तीच्या चिकटपट्ट्या लावण्यात एक अख्खी रात्र गेली. प्रमाणपत्र मिळत नसेल, तर पाळकांची परवानगी घेऊन त्या त्या मंडळीचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर पाहावे. त्यातली त्यांची पहिली आणि शेवटची सही काळ जवळजवळ नेमका सांगते, आणि त्या दोन सह्यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले तर थरथरू लागलेला हात कुठल्याही वर्णनाविना दिसतो. त्यांचे वापरातले पवित्र शास्त्रही (बायबल) पानन् पान चाळावे. कित्येक पाळक उपदेशाची तारीख आणि गावाचे नाव समासात पेन्सिलीने टिपून ठेवतात.

आठवणी गोळा करताना सुरुवात पाळकीणबाईंपासून, म्हणजे पाळकांच्या पत्नीपासून, करावी. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले. पुढे चिरंजीव देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहायला सांगितल्या, आणि त्यांतूनच 1934 पासून लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत टिळकांचा तापटपणा आहे, हातात पैसा न टिकणेही आहे, आणि म्हणूनच त्यांचा मोठेपणा पटतो. आपल्या स्मरणिकेतही ‘प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील’ अशी विशेषणांची माळ ओवण्यापेक्षा, बदलीचा हुकूम आल्यावर घरात काय बोलणे झाले, पगार लांबला तेव्हा किराणा कसा आला, हे विचारावे. आईला लिहिणे जमत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून तिच्याच शब्दांत उतरवावे. तिची बोली ‘शुद्ध’ करायला जाऊ नये.

उपासना शक्यतो दीड तासात आटोपावी. गीते त्यांच्या आवडीची घ्यावीत, मात्र मंडळीला पाठ असलेली. नवी चाल अशा दिवशी कोणी धरत नाही. शास्त्रपाठासाठी ‘जे सुयुद्ध ते मी केले आहे’ हे 2 तीमथ्य 4:7 बहुतेकदा सुचवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण देवाचे वचन सांगणाऱ्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा असे सांगणारे इब्री 13:7 माझ्या मते मंडळीच्या बाजूने अधिक बोलते. साक्षी, म्हणजे त्यांच्याविषयी लोकांची मनोगते, चारच ठेवाव्यात, प्रत्येकी पाच मिनिटे, आणि त्यांतली एक अशा व्यक्तीची असावी जिला व्यासपीठावर कधीच बोलावले जात नाही, उदाहरणार्थ चर्चची घंटा वाजवणारा.

स्मरणार्थ देणगी द्यायची असल्यास मंडळीची गरज विचारून द्यावी. पात्यांवर दात्याचे नाव रंगवलेले पंखे बहुतेक चर्चमध्ये आधीच पुरेसे आहेत. एखाद्या मुलाची वर्षाची फी किंवा गीतपुस्तकांच्या 20 प्रती अधिक कामी येतात.

कबरेच्या दगडाची घाई करू नये. माती बसायला निदान एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि दगडाच्या मापाबद्दल कब्रस्तानाचे नियम आधी समजून घ्यावेत. नाव, दोन तारखा आणि एक वचन एवढा मजकूर पुरतो. कारागीर खडूने अक्षरे आखून देतो, ती छिन्नी लागण्यापूर्वी बोट ठेवून दोघांनी वाचावीत, विशेषतः ‘रेव्हरंड’मधला अनुस्वार आणि वचनाचे ऱ्हस्व-दीर्घ. आईलाही तेव्हाच तिथे न्यावे, आणि खाली तिच्या नावासाठी जागा सोडायची का, हे तिला स्वतःलाच विचारावे.