तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ते संस्थाप्रमुख: कॅथलिक धर्मगुरूंनी वाटचाल कशी आखावी

तत्त्वज्ञान शिकवण्याची ओढ असली तरी धर्मगुरूने आधी विद्यापीठाचे दार ठोठावू नये. आधी बिशपांना (धर्मप्रांताच्या प्रमुखांना) किंवा धर्मसंघात असल्यास प्रोव्हिन्शियलना (धर्मसंघाच्या प्रांतप्रमुखांना) भेटावे, कारण उच्च शिक्षणाला कोणाला पाठवायचे हे तेच ठरवतात. भेटीला जाताना विषय, मुदत, खर्च आणि परतल्यावर काय शिकवणार हे एका पानावर मांडून न्या. होकार लेखी घ्या; बिशप बदलले की तोंडी ठरलेले मागे पडते.

सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, किमान 2 वर्षे तत्त्वज्ञान आणि 4 वर्षे ईशज्ञान होते. शिकवायला तेवढे पुरत नाही. कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, 253व्या नियमानुसार सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाकडे पोपपीठाने (व्हॅटिकनमधल्या मध्यवर्ती सत्तेने) मान्य केलेल्या विद्यापीठाची लायसन्शिएट (पहिली पदवी आणि डॉक्टरेट यांच्या मधली पदवी) किंवा डॉक्टरेट हवी. पोपपीठाच्या 2011 च्या सुधारणेनंतर तत्त्वज्ञानाची पहिली पदवी 3 वर्षांची, लायसन्शिएट 2 वर्षांची आणि डॉक्टरेट किमान 3 वर्षांची झाली. म्हणजे सेमिनरीतली दोन वर्षे पदवीइतकी धरली जात नाहीत. गुणपत्रिका आधीच पाठवून कोणते विषय भरून काढायचे ते विचारून घ्या. शासनमान्य कॉलेजात शिकवायचे असेल तर पोपपीठाची पदवी तिथे चालते का, हेही आत्ताच पाहा. ती नियमावली प्रत्येक देशात वेगळी असते आणि प्रबंध झाल्यावर कळले तर उशीर होतो.

लॅटिन टाळू नका. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्विनसचे 'एन्स' म्हणजे जे आहे ते आणि 'एस्से' म्हणजे त्याचे असणे. कित्येक भाषांतरांत दोन्हींना एकच शब्द येतो आणि ज्या भेदावर सगळा युक्तिवाद उभा आहे तोच पुसला जातो. प्रबंधाच्या आधीचे वर्षभर रोज मूळ लॅटिनचे एक पान वाचले, तर ही अडचण बरीच सुटते.

प्रबंधाचा विषय अरुंद ठेवा: एक विचारवंत, एक प्रश्न, मोजके मूळ ग्रंथ. प्रबंधाचा जाहीर बचाव करावा लागतो आणि त्याचा निदान मुख्य भाग छापल्याशिवाय डॉक्टर ही पदवी मिळत नाही. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. दोन प्रकरणे उरलेली असताना रेक्टरपद (सेमिनरीचे प्रमुखपद) किंवा प्राचार्यपद येते, 'सुट्टीत लिहू' असे ठरते आणि प्रबंध कपाटात राहतो. अशा वेळी आज्ञापालनाला बाध न आणता वरिष्ठांकडे नेमकी तारीख देऊन मुदत मागावी. ती मागण्यात काहीही गैर नाही.

बेल्जियन धर्मगुरू देझिरे मर्सिए 1882 मध्ये बेल्जियममधल्या लुव्हाँ विद्यापीठात थॉमसचे तत्त्वज्ञान शिकवू लागले. तिथली तत्त्वज्ञान संस्था 1889 मध्ये उभी राहिली. आधी वर्ग, मग संस्था, हा क्रम आजही योग्य वाटतो.

सेमिनरीचे रेक्टर किंवा तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणून रुजू होताना कॅनन कायद्याच्या 833व्या नियमाप्रमाणे श्रद्धेची विधिवत कबुली द्यावी लागते. रेक्टरपद आले की पहिल्या महिन्यात हिशेब शिका. संस्था ख्रिस्तसभेच्या मालकीची असेल तर जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवणे आणि दरवर्षी हिशेब सादर करणे ही तुमचीच जबाबदारी. नेहमीच्या कारभारापलीकडचा व्यवहार आधी लेखी परवानगी न घेता केला, तर तो कॅनन कायद्याने रद्दबातल ठरतो. चांगल्या हेतूने केलेले जमिनीचे करारही याच कारणाने अडकतात.

आठवड्यातला एक तास तरी वर्गात शिकवत राहा. तो वेळापत्रकात सर्वांत आधी भरा, नाहीतर बैठका तो गिळतील.