जॅझचा इतिहास शिकायचाय? घरभाड्यापासून सुरुवात करा

जॅझवर इतिहासात पीएचडी करायची म्हटलं की बहुतेक जण रेकॉर्डी जमवायला लागतात. ऐकाच, भरपूर ऐका. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते संगीत जिथे वाजलं ते शहरही तितकंच ओळखीचं व्हावं लागतं.

माझा विषय शिकागोची साउथ साइड, म्हणजे शहराचा दक्षिण भाग. 1910 मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांची वस्ती 44 हजारांच्या आसपास होती, 1930 मध्ये ती 2 लाख 33 हजारांवर गेली. दक्षिणेतल्या वर्णद्वेषाला आणि गरिबीला कंटाळून माणसं आगगाडीने येत होती. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगही 1922 मध्ये न्यू ऑर्लिन्सहून आला, किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये वाजवायला. गोऱ्यांच्या वस्तीत मात्र या कृष्णवर्णीयांना कुणी घर देत नसे. त्यामुळे साउथ साइडच्या स्टेट स्ट्रीटच्या आजूबाजूला दाटी झाली आणि भाडी चढली.

1930 च्या जनगणनेचं एक पान उघडून निवांत वाचा. कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे महिन्याचं भाडं, घरात रेडिओ आहे का, धंदा काय. खाली बायको, मुलं आणि मग पोटभाडेकरू. त्यातल्या एखाद्याच्या धंद्याच्या रकान्यात 'वादक' सापडतो. भाडं भागवायला लोक घरातच पार्टी ठेवत, पियानोवाला बोलवत, येणाऱ्यांकडून थोडे पैसे घेत. अशा खोल्यांमध्ये बूगी-वूगी, म्हणजे पियानोवरचं नाचायला लावणारं ब्लूज, पोसलं गेलं. हे उमगलं आणि माझ्या प्रबंधाला दिशा मिळाली.

रेकॉर्डवर सगळी भिस्त ठेवू नका. तेव्हाच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची, नाचाच्या हॉलमध्ये तीच चीज कितीतरी लांबायची. म्हणून कृष्णवर्णीयांच्या 'शिकागो डिफेंडर' या वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचा, वादकांच्या युनियनचे कागद बघा. शिकागोत काळ्या वादकांची युनियन शाखा, लोकल 208, वेगळी होती, ती गोऱ्यांच्या युनियनमध्ये विलीन झाली थेट 1966 मध्ये. न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात जुन्या वादकांच्या मुलाखती जपून ठेवल्या आहेत. फार मोलाचं भांडार आहे ते. फक्त त्यातली प्रत्येक तारीख त्या काळच्या वर्तमानपत्राशी ताडून बघा.

आपल्याकडच्या मुलांसाठी तर एक वाट उघडीच आहे. शिकागोच्या व्हेंडोम थिएटरात वाजवणारा पियानोवादक टेडी वेदरफोर्ड 1926 मध्ये आशियात आला आणि पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवू लागला. मुंबईत तेव्हा गोव्याचे वादक बँडमध्ये होते, त्यांचा जॅझ पुढे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत शिरला. ज्यांना कोकणी, मराठी आणि थोडी पोर्तुगीज येते त्यांनी हा विषय जरूर घ्यावा. त्या वादकांच्या घरच्यांशी त्यांच्याच भाषेत बोलता येईल.