गाडीची बॅटरी सारखी उतरतेय? नवीन टाकायच्या आधी या चुका टाळा

सकाळी चावी फिरवली, नुसता टक् टक् टक् आवाज आला आणि डॅशबोर्डचे लाईट मंद झाले की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला, "भो, बॅटरी गेली, नवीन टाकून दे." मीपण अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तेच केलं, साडेचार हजार मोजले, आठवडाभर गाडी एकदम टकाटक आणि मग सणात तीन दिवस अंगणात उभी राहिली तर परत तेच टक् टक्. बॅटरी नवी होती आणि रोग जुनाच होता.

तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे न मोजता खर्च करणं. चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी फुल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता इथे बरेच जण फसतात, बाजारातून आले, गाडी बंद केली की लगेच मोजतात आणि १२.९ बघून खूश होतात. तो वरवरचा चार्ज असतो, काही तास जाऊ द्या मग मोजा. आणि सेल्फ मारताना कोणाला तरी मीटरवर नजर ठेवायला सांगा, बॅटरी फुल असूनही आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर मात्र बॅटरी खरंच थकलीये.

मग गाडी चालू करून मोजा. १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो, आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात) काम करतोय. बारा-साडेबारावरच अडकून खाली खाली जात असेल तर बेल्ट ढिला, वायर खराब नाहीतर अल्टरनेटर गेलेला, आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, तो बिघडला की बॅटरी उकळवून मारतो. फक्त नवीन गाड्यांमध्ये कॉम्प्युटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एकदा कमी आकडा दिसला म्हणून घाबरू नका, हेडलाईट आणि एसी लावून परत बघा.

आणि ती जुनी ट्रिक, गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली तर डायनामो खराब... हात जोडतो, हे करू नका आणि कोणाला करू देऊ नका. जुन्या जीपला चालून जायचं, आताच्या गाडीत वायर काढल्याबरोबर व्होल्टेज उसळी मारतं आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) उडू शकतो, तो नवीन घ्यायचा म्हणजे अशा कितीतरी बॅटऱ्यांचे पैसे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसतेय आणि आपण बॅटरीला शिव्या देतोय, असं पण खूप होतं. आधी मायनस काढा मग प्लस (लावताना उलटं), गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करून घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर तिच्यात डिस्टिल वॉटरच टाका, बोअरचं नको आणि ॲसिड तर नकोच. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बोनेटखाली काय होत असेल विचार करा, पाणी उडतं, प्लेटा खराब होतात. मार बसतो उन्हाळ्यात आणि गाडी बंद पडते डिसेंबरात, भरीत पार्टी संपवून रात्री शेतातून निघायच्या वेळी.

धक्का मारून चालू केली आणि दहा मिनिटं उभ्या उभ्या ठेवली म्हणजे चार्ज झाली असंही नसतं. पार उतरलेल्या बॅटरीला चार्जरवर रात्रभर लावणंच बरं.

आता माझ्या गाडीचा रोग. बंद गाडीत करंट कोण पितंय ते बघायला मायनसची वायर काढायची, मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घालायची आणि मीटर वायर व मायनस टर्मिनल यांच्या मध्ये जोडायचा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल, बिनचावीची गाडी असेल तर रिमोट घरात लांब ठेवा, आणि अर्धा तास थांबा. इथेच घाई नडते, कारण गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत आणि सुरुवातीचा मोठा आकडा बघून माणूस उगाच वायरिंग उसकत बसतो. झोपल्यावर ०.०५ अँपिअरच्या आत आलं तर ठीक. माझं ०.४३ वरच अडकलेलं! ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून दिवसाला दहा जातात म्हटल्यावर तीन दिवसांत काय उरणार.

एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिक सिस्टीमवर माझा संशय होता, बाहेरून बसवलेली म्हणून, पण तिचा फ्यूज काढून काही फरक नाही. आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा धपकन ०.०३ वर. पण दिवे तर सगळे बंद दिसत होते! शेवटी मोबाईलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला, डिकी लावली, दोन मिनिटांनी काढून बघतो तर आत लख्ख उजेड. केळीचे क्रेट कोंबून कोंबून डिकीचा स्विच वाकला होता.

स्विच दीडशेला आला. जुनी बॅटरी बदल्यात देऊन बसलो होतो, ती परत मागायला गेलो तर दुकानदार नुसता हसला.